टोपी काढा, मिलॉर्ड!

तुमच्या ऑफिसच्या डेस्कवर आत्ता काय काय आहे, एक नजर टाका बघू. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला इवलासा गणपती? महाराजांची मूर्ती? 'वाघ वाचवा'वाला मग? आयकार्डाच्या पट्ट्याला लावलेला रेनबो बॅज? आपल्या पिढीला मतं असतात आणि ती अंगावर घालून मिरवायला आपल्याला मनापासून आवडतं. टी-शर्टवर, बॅगेवर, लॅपटॉपच्या झाकणावर, आणि डीपीवर तर झालंच. त्यात काही गैर नाही. तुमच्या मगवर काय लिहिलंय याच्याशी तुमच्या एक्सेल शीटला देणंघेणं नसतं. फार तर एचआर एक मेल टाकेल, तुम्ही तो न वाचता डिलीट कराल, विषय संपला.

आता तेच टेबल एका जज्जसाहेबांचं आहे असं समजा.

कॅनडात ऑन्टारियो प्रांतात हॅमिल्टन नावाचं शहर आहे. तारीख ९ नोव्हेंबर २०१६. आदल्या रात्री शेजारच्या अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प निवडून आलेले. सकाळी कोर्ट भरलं, सगळे उठून उभे राहिले, आणि न्यायाधीश बर्न्ड झेबल आत आले ते ट्रम्प यांच्या प्रचाराची टोपी घालून! तीच ती, 'मेक अमेरिका ग्रेट अगेन'वाली. अमेरिकेतल्या ऐतिहासिक रात्रीनिमित्त, अशा अर्थाचं काहीतरी बोलत त्यांनी ती काढली आणि समोर डायसवर ठेवली. पुढे त्याच दिवशी गप्पांच्या ओघात हेही सांगून टाकलं, की बाकीचे जज्ज सगळे हिलरीवाले, आपण एकटे ट्रम्पवाले, त्यामुळे मंडळी जरा भडकली आहेत. (कॅनडातल्या जज्जांना अमेरिकेत मत नसतं हे सोडून द्या. आपल्याला तरी कुठे असतं? तरी त्या निकालाच्या रात्री आपण जागतोच की.)

विनोद म्हणून केलेली गोष्ट. सहा दिवसांनी झेबल यांनी भर कोर्टात माफीही मागितली. पण तोवर बातमी फुटली होती. ऑन्टारियो ज्युडिशियल कौन्सिलकडे ८१ तक्रारी गेल्या. डिसेंबरपासून त्यांच्यापुढे केसेस लावणं बंद झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये सुनावणी आणि सप्टेंबरमध्ये निकाल : कडक शब्दांत समज आणि ३० दिवस बिनपगारी घरी. जज्जला नोकरीवरूनच काढायचं नसेल, तर तिथल्या कायद्यात याहून मोठं निलंबन नाही.

आता गंमत बघा. हा माणूस १९९० पासून जज्ज. त्याच्या बाजूने वकिलांनी पत्रं लिहिली, की साहेब सज्जन आहेत, केस नीट ऐकून घेतात. आणि शिक्षा झाली ती कुठल्या चुकलेल्या निकालाबद्दल नव्हती. टोपीबद्दल होती. फक्त टोपीबद्दल.

'बरं झालं, ट्रम्पवाल्याला धडा मिळाला,' असं तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल. थांबा, घाई नको. त्याच दिवशी, म्हणजे ९ नोव्हेंबर २०१६ लाच, वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात रूथ बेडर गिन्सबर्ग बेंचवर बसल्या होत्या. त्यांच्या कॉलर जगप्रसिद्ध होत्या. बहुमताचा निकाल वाचायचा असला की एक कॉलर आणि बहुमताशी असहमती दाखवायची असली की दुसरी, काळपट, खड्यांची. (ही दुसरी त्यांना २०१२ मध्ये 'ग्लॅमर' मासिकाच्या समारंभातल्या गिफ्ट बॅगेत मिळालेली. बनाना रिपब्लिकचा नेकलेस! शॉपिंगवाल्या मैत्रिणींनो, नोंद घ्या.) त्या दिवशी गिन्सबर्गबाईंना असहमतीचा कुठलाच निकाल वाचायचा नव्हता. तरी गळ्यात ती असहमतीची कॉलर होती. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. जगाने काय समजायचं ते समजून घेतलं.

माझ्या निम्म्या मैत्रिणींकडे या बाईंच्या चित्राचे मग नाहीतर टोट बॅगा आहेत. मलाही ती कॉलर बघून तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. पण टोपी खटकते आणि कॉलर गोड वाटते, याचं कारण काय? टोपीवर अक्षरं होती आणि कॉलरवर नव्हती, एवढंच? की टोपी 'त्यांची' आणि कॉलर 'आपली' म्हणून? मला विचाराल तर दुसरं कारण खरं आहे, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. ट्रम्पला मत देणारा कुणी त्या दिवशी त्या कोर्टात आपली केस घेऊन उभा असता, तर त्याला कॉलर गोड वाटली असती का?

मास कॉमला असताना आम्हाला मीडिया लॉचा एक पेपर होता. त्यातलं आता फारसं आठवत नाही, पण १९२३ ची एक इंग्लिश केस डोक्यात रुतून बसली आहे. ससेक्समध्ये मोटरसायकलचा अपघात झाला, चालवणाऱ्यावर खटला भरला. मॅजिस्ट्रेट मंडळी निकालाचा विचार करायला आतल्या खोलीत गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर कोर्टाचा क्लार्कही गेला. हा क्लार्क ज्या सॉलिसिटर फर्ममध्ये होता, तीच फर्म अपघातातल्या दुसऱ्या बाजूसाठी नुकसानभरपाईचं काम बघत होती. आत गेल्यावर क्लार्क अवाक्षर बोलला नाही, मॅजिस्ट्रेटनी त्याला काही विचारलंही नाही. हे सगळ्यांना मान्य होतं. तरीही लॉर्ड ह्यूअर्ट यांनी शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन चालत नाही, तो होताना डोळ्यांना दिसला पाहिजे, हे जे आपण उठताबसता ऐकतो ना, ते या केसमधलं. एक गप्प बसलेला क्लार्क आणि एक बंद दार, एवढंच निमित्त.

परीक्षेपुरतं हे मी पाठ केलं होतं. कळलं मात्र खूप नंतर, एका मैत्रिणीबरोबर फॅमिली कोर्टात गेले तेव्हा.

कुठलं कोर्ट, कुठलं शहर ते सांगत नाही. मैत्रीण आयटीतली, घटस्फोटाची केस चालू, चार वर्षांची मुलगी. त्या दिवशी केस निकाली निघेपर्यंत मुलीचा ताबा कुणाकडे, यावर ऑर्डर होणार होती. व्हरांड्यात दीड तास बाकावर. मग पुकारा झाला, आम्ही आत गेलो, आणि मैत्रिणीने माझा दंड एवढ्या जोरात दाबला की नखं रुतली. डायसवर कॉम्प्युटरच्या शेजारी पितळी फ्रेममध्ये एका महाराजांचा फोटो होता. तळहाताएवढा. मला तर दिसलाही नसता. पण तिच्या सासरी दर गुरुवारी याच महाराजांचा सत्संग भरायचा, सासूबाई त्यातल्या मुख्य. लग्न मोडायला जी चार कारणं झाली, त्यातलं एक तो सत्संग होता. ती माझ्या कानात म्हणाली, "संपलं."

काही संपलं नाही. जज्जसाहेबांनी दोन्ही वकिलांचं ऐकून घेतलं, तिला दोन प्रश्न विचारले, त्याला तीन विचारले, स्टेनोला ऑर्डर सांगितली. मुलगी आईकडे, बाप शनिवारी भेटणार. अगदी सरळ, शहाणी ऑर्डर. बाहेर आल्यावर मी तिला मिठी मारली, तर ती म्हणते कशी, "नशीब यार, वाचले!"

नशीब! हक्काने मिळालेली गोष्ट तिने लॉटरी लागल्यासारखी घेतली. पुढच्या तारखेच्या आदल्या रात्री पुन्हा तीच धडधड, पुन्हा तोच फोटो. तिच्या नवऱ्यालाही ती फ्रेम दिसली असणारच. आत येताना त्याला काय वाटलं असेल? 'आपलाच माणूस आहे.' मग निकाल उलटा लागल्यावर? घरी जाऊन आईला त्याने काय सांगितलं असेल कोण जाणे. त्या बिचाऱ्या जज्जनी तर दोघांशीही नीटच न्याय केला होता, आणि दोघांपैकी एकालाही तो न्याय वाटला नाही. एका तळहाताएवढ्या फ्रेमपायी.

आपल्याकडे कोर्टात देवदेवता, महाराज, उदबत्ती यांचं कुणाला फारसं वावडं नसतं. त्यामुळे ३ मार्च २०२४ ला पिंपरी-चिंचवडला जे झालं ते मला भारी वाटलं. नव्या कोर्टाच्या इमारतीचा पायाभरणीचा कार्यक्रम होता. तेव्हा सुप्रीम कोर्टात असलेले न्यायमूर्ती अभय ओक व्यासपीठावरून म्हणाले, की कोर्टाच्या कार्यक्रमांतली ही पूजाअर्चा आता बंद करायला हवी, त्याऐवजी संविधानाच्या उद्देशिकेची प्रतिमा ठेवून तिच्यापुढे नतमस्तक व्हावं. कर्नाटकात मुख्य न्यायमूर्ती असताना आपण हे करून पाहिलं, पूर्ण थांबवता आलं नाही पण कमी केलं, असंही त्यांनी सांगितलं. लक्षात घ्या, ओकसाहेब कुणाच्या घरातल्या देवघराबद्दल बोलत नव्हते. जज्जने घरी आरती करावी, रोजे ठेवावेत, नाहीतर रविवारी चर्चला जावं, त्याची मर्जी. प्रश्न फक्त त्या चार भिंतींचा आहे, जिथे आपण हौसेने जात नाही. समन्स येतं म्हणून जातो.

आणि त्या चार भिंतींच्या आवाराचासुद्धा. राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर पीठाच्या आवारात १९८९ मध्ये मनूचा पुतळा बसवला गेला. त्याच वर्षी सगळ्या न्यायमूर्तींनी मिळून तो हलवायचं ठरवलं, त्याला आव्हान दिलं गेलं, स्थगिती मिळाली, पुतळा जागच्या जागी राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातून दोन बायका तिथे गेल्या आणि त्याला काळं फासून आल्या. काळं फासणं बरोबर की चूक, यावर आपण चहा संपेपर्यंत भांडू शकतो. पण अॅट्रॉसिटीच्या केसमधली फिर्यादी बाई त्या पुतळ्यावरून आत जाते, तेव्हा तिला काय वाटत असेल, यावर भांडायला मला तरी काही जागा दिसत नाही.

हे झालं डायसवरचं आणि दारातलं. पण कोर्टात मागे प्रेक्षकांची बाकंही असतात, आणि तिथला मामला याहून अवघड आहे. कारण तिथे बसलेल्या माणसाने निःपक्षपाती राहण्याची शपथ घेतलेली नसते.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला बलात्काराचा एक खटला. आरोपीचं म्हणणं, संमती होती. म्हणजे बलात्कार झाला की नाही, हेच ज्युरीला ठरवायचं होतं. आणि कोर्टात पंधराएक बायका बसलेल्या, छातीवर मोठे गोल बिल्ले : 'वीमेन अगेन्स्ट रेप'. त्यात 'रेप' या शब्दाखाली जाड लाल रेघ. १९९० मध्ये फेडरल अपील कोर्टाने सांगितलं, की हे चालणार नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय, ते तुम्ही छातीवर छापून ज्युरीसमोर बसलात. त्या बायकांची चळवळ शंभर टक्के न्याय्य होती, मी असते तर मीही तो बिल्ला लावला असता. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर. आत नाही.

दुसरी केस याहून जास्त जीवघेणी. कॅलिफोर्निया, १९९४. मॅथ्यू मुस्लाडिन नावाच्या माणसाने आपल्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकोच्या होणाऱ्या नवऱ्याला गोळ्या घातल्या. गोळ्या घातल्याचं मान्य, पण म्हणणं असं की स्वसंरक्षणासाठी घातल्या. खटल्याच्या वेळी मृताच्या घरचे पुढच्या रांगेत बसत, आणि त्यांच्या कपड्यांवर बिल्ले असत. त्यावर घोषणा नाही, काही नाही. फक्त गेलेल्या माणसाचा फोटो.

काय करायचं सांगा? घरातलं माणूस गेलंय. त्याचा फोटो लावून बसायचं नाही? आपल्याकडेसुद्धा न्याय मागणारे आईबाप लेकीचा फोटो छातीशी धरून कोर्टाबाहेर उभे असतात, ते बघून आपल्या घशात आवंढा येतो. पण पंधरा फुटांवर बसलेल्या ज्युरीच्या जागेवरून बघा. आधी हल्ला कुणी केला, हा खटल्याचा प्रश्न आणि समोर दिवसचे दिवस एकाच बाजूचा हसरा चेहरा. साक्षीदाराची उलटतपासणी करता येते. फोटोची कशी करणार?

खालच्या कोर्टांनी मुस्लाडिनची तक्रार फेटाळली. फेडरल अपील कोर्टाने मान्य केली. शेवटी ११ डिसेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला, पण तोही कसा? बिल्ले योग्य होते असं कोर्ट म्हणालंच नाही. ते म्हणालं, की आमचे आधीचे निकाल सरकारने केलेल्या गोष्टींबद्दल आहेत. आरोपीला कैद्याच्या कपड्यांत उभं करणं (१९७६), त्याच्या पाठीमागे गणवेशातले चार पोलीस बसवणं (१९८६). प्रेक्षकांनी स्वतःच्या मनाने काय घालावं, यावर आम्ही अजून काही ठरवलेलंच नाही, मग राज्याच्या कोर्टाने आमचा नियम मोडला असं कसं म्हणणार? म्हणजे प्रश्न मुळात होता तिथेच राहिला. नऊ न्यायमूर्तींनी त्याला वळसा घातला, आणि खरं सांगू, मला त्यांचा रागही येत नाही. शोक करणाऱ्या आईला 'फोटो काढा' म्हणून सांगायची वेळ आपल्यावर येऊ नये, असं मलाही वाटलं असतं.

'आपल्याकडे कुठे ज्युरी आहे?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. नाही. पारशी घटस्फोटांतली डेलिगेट मंडळी सोडली तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर ज्युरीला आपल्याकडे जागाच उरली नाही. पण होती तेव्हाची मुंबईतली नानावटी केस आठवा. कमांडर कवास नानावटी, एप्रिल १९५९, पत्नीच्या प्रियकराचा खून. साहेब कोर्टात उभे राहिले ते नौदलाच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात. बाहेर तोबा गर्दी, पेपरांतून नायकाची आरती, आणि ज्युरीचा निकाल ८ विरुद्ध १ : निर्दोष! सेशन्स जज्ज रतिलाल मेहता यांना तो इतका अजब वाटला, की त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. गणवेशामुळेच आठ जण पाघळले, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या पोरगेल्या देखण्या अधिकाऱ्याला साध्या शर्ट-पँटमध्ये उभं केलं असतं, तर? सिनेमावाल्यांना विचारा, त्यांनी तो गणवेश का सोडला नाही ते.

हे सगळं मी एका वकील मित्राला फोर्टातल्या एका इराण्याकडे ऐकवत होते. तो ब्रून मस्का चहात बुडवत म्हणाला, "तुझं टोपीपुराण ठीक आहे. पण मला टोपी घातलेला जज्ज परवडला. निदान कळतं तरी, दुसऱ्या कोर्टात केस न्यायचा अर्ज करता येतो. टोपी डोक्याच्या आत असते त्याचं काय करशील?"

मुद्दा बिनतोड आहे. मुंबई हायकोर्टातलंच उदाहरण घ्या. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचा खटला, आणि या वेळी दावर न्यायमूर्तीच्या खुर्चीत. अंगावर कुठलाच बिल्ला नाही, डोक्यावर कुठल्याच पक्षाची टोपी नाही. उलट जुनी ओळख आरोपीची! जामीन नाकारला. ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. कोऱ्या डायसवरूनही काय काय होऊ शकतं, ते बघा.

"पण अर्ज करता येतो म्हणतोस," मी म्हटलं, "माझ्या मैत्रिणीने केला असता का? जज्जच्या तोंडावर, 'साहेब, तुमच्या फोटोमुळे माझा तुमच्यावर विश्वास नाही' म्हणून? तिच्या वकिलाने तरी केला असता?"

तो हसला. "मी नसता केला," म्हणाला. "मला त्याच जज्जपुढे परवा दुसरी केस चालवायची असते."

मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. टिळकांना जिथे शिक्षा झाली, त्या सेंट्रल कोर्टाच्या खोलीपाशी संगमरवरी पाटी आहे. शिक्षेआधी टिळक जे बोलले ते त्यावर कोरलंय : ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, आणि मी बाहेर राहण्यापेक्षा माझ्या यातनांनीच माझं कार्य वाढावं, अशी वरच्या शक्तीची इच्छा असेल. १९५६ मध्ये त्याच कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तिचं अनावरण केलं.

"भिंतीवर अख्खं 'कार्य' कोरून ठेवलंय, तेही आरोपीचं," मित्र म्हणाला. "तुझ्या हिशेबाने तीही उतरवायची?"

मी जरा विचार केला. त्या पाटीखालून आत जाताना आज कुठल्या पक्षकाराच्या पोटात गोळा येईल?

"सरकारी वकिलांच्या येत असेल थोडा," मी म्हटलं. "तेवढा येऊ दे."

तो सरकारी वकिलांच्या पॅनेलवर आहे. चहाचं बिल मला भरायला लागलं.